मीटरभर रूळ, एक मिनिट

रविवारी सकाळी पोह्यांच्या ताटल्या बाजूला सरकवून मी डायनिंग टेबलावर मीटरभर रूळ मांडतो, तेव्हा घरातली बाकीची माणसं एकमेकांकडे बघतात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. चाळिशी उलटलेला माणूस, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि समोर वीतभरसुद्धा लांब नसलेलं एक डिझेल इंजिन. अट एकच. इंजिनानं हा मीटर पूर्ण एका मिनिटात पार करायचा, आणि तोही मध्ये न अडखळता. आईनं एकदा पाच मिनिटं हा प्रकार बघितला आणि म्हणाली, "एवढं हळूच न्यायचंय तर हातानं ढकल ना रे!"

तर मंडळी, आजचा विषय हा. मॉडेल रेल्वेचं डिझेल इंजिन चांगलं आहे की नाही हे कसं ठरवतात, आणि नसेल तर त्याला सुधारतात कसं, याला चांगला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात रबर बँड येतात, टूथपेस्ट येते, एमआयटी येते आणि शेवटी अमेरिकेतल्या अपील कोर्टाचा एक निकालही येतो. तुम्ही गिटहबवरून रोज जे काही फुकट उतरवून घेता, त्याच्याशी त्या निकालाचा थेट संबंध आहे. पण तिथवर जायला जरा वेळ लागेल. वेग आपला मिनिटाला एक मीटर.

हे इंजिन मला मिळालं ऑनसाइटच्या दिवसांत. मिलवॉकीला प्रोजेक्ट होता, थंडी मरणाची, गाडी नाही, रूममेट दिवसभर झोपलेला. एका शनिवारी मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात शिरलो, ते खरं सांगायचं तर आत हीटर चालू होता म्हणून. एका टेबलावर जुन्या मालाचा ढीग आणि मागे एक आजोबा. मी एक इंजिन उचललं तर त्यांनी टेबलावरच्याच तुकडाभर रुळावर ते ठेवलं आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी अर्थातच नॉब पूर्ण फिरवला. इंजिन सुसाट. आजोबा म्हणाले, जोरात नको, हळू चालवून बघ. जोरात काय, सगळीच चालतात.

हळू चालवल्यावर ते चालेना. घरघर करायचं, थरथरायचं, मग एकदम उडी मारायचं. (कंपनी कोणती ते विचारू नका. आधीच्या मालकांनी त्याचे काय हाल केले होते देव जाणे.) तरी घेतलं. स्वस्त होतं, आणि डिझेल इंजिनाचं मला लहानपणापासून वेड. मिरज-पुणे प्रवासात तेव्हा डब्ल्यूडीएम-२ असायचं. खिडकीतून मान बाहेर काढून वळणावर पुढचं इंजिन बघायचं आणि डोळ्यांत कोळशाऐवजी डिझेलची काजळी घालून घ्यायची, एवढीच काय ती आधुनिकता.

आता थोडं गणित, म्हणजे हळू चालणं का अवघड ते कळेल. सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, अर्थात 'हाफ ओ'. खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. (एकाच व्याख्येत फूट आणि मिलिमीटर बघून ज्यांना आपला जुना प्रोजेक्ट आठवला असेल, त्यांना माझी सहानुभूती.) म्हणजे प्रमाण १:८७.१, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. माणसाच्या चालीचा वेग, ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, ८७ नं भागला की सेकंदाला साधारण १.६ सेंटिमीटर येतो. म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक मीटर. माझ्या टेबलावरची परीक्षा ती हीच. यार्डात शंटिंग करताना, डबे जोडताना खरं इंजिन याच वेगानं सरकतं.

लांबी ८७ पट कमी झाली, तरी वजन ८७ पटीनं कमी होत नाही. ते घनानं कमी होतं, म्हणजे सुमारे ६ लाख ६० हजार पटीनं. डब्ल्यूडीएम-२ चं वजन ११२.८ टन. प्रमाणशीर मॉडेल केलं तर ते भरेल १७१ ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही! एवढं हलकं इंजिन रुळाला धरून ठेवत नाही, वीजही नीट घेत नाही. म्हणून बनवणारे आत धातूचा ठोकळा घालतात. दुसरी भानगड गतीची. खऱ्या गाडीची वीज क्षणभर गेली तर ती आपल्या वजनाच्या जोरावर पुढे जातच राहते. मॉडेलची गेली तर ते जागच्या जागी खिळतं. आणि वीज जायला निमित्त काय लागतं? धुळीचा एक कण. सगळं जग ८७ पटीनं लहान केलं तरी धूळ मात्र आपली एकास एक प्रमाणातलीच राहते.

कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. पुण्यात वाढलेल्या कित्येकांनी शाळेच्या सहलीत ते बघितलं असेल. सगळ्यांना गाड्या धावताना आठवतात. पुढच्या वेळी गेलात तर त्या सुटताना आणि थांबताना बघा. खरी कसोटी तिथे असते.

असो. इतिहासाकडे वळतो.

१९३०च्या दशकात अमेरिकेत हा छंद जोरात वाढला, आणि आपल्या क्षेत्रात जे होतं तेच तिथेही झालं. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं, चाकाची कड वेगळी, कप्लर वेगळा. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चढलं तरी सांध्यावर हटकून घसरायचं. १९३४ च्या जानेवारीत मिलवॉकीच्या ए. सी. काल्मबाख यांनी 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू केलं, आणि पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याच मिलवॉकीत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, म्हणजे एनएमआरए, स्थापन झाली. (मी तिथे महिनोन् महिने राहिलो आणि हे मला पुण्यात परत आल्यावर कळलं. त्या काळात मला फक्त भारतीय किराणा कुठे मिळतो एवढं माहीत होतं.) एनएमआरएचं पहिलं मोठं काम म्हणजे स्पेसिफिकेशन. चाकांमधलं अंतर किती, कड किती खोल, सांध्यातली फट किती. हे सगळं तपासायला एक चपटी धातूची पट्टी निघाली, तिच्या कडांना खाचा. चाकं त्या खाचेत बसली तर पास, नाहीतर नापास. आजही कुठलंही नवं-जुनं इंजिन हातात आलं की जाणकार माणूस ते चालवायच्या आधी उलटं करतो आणि ही पट्टी लावतो. घसरणाऱ्या इंजिनांचा रोग बहुतेक वेळा इथेच सापडतो. चाकं आसावर अर्धा मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकलेली असतात, बस्स.

खरं डिझेल इंजिन याच सुमारास आलं. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागानं १९३९ मध्ये एफटी नावाचा चार इंजिनांचा ५,४०० अश्वशक्तीचा संच अमेरिकाभर फिरवला. वीस रेल्वे कंपन्या, ३५ राज्यं, ८३,७६४ मैल. आपल्याकडच्या भाषेत, इतका मोठा डेमो आधी कुणी दिला नव्हता. त्यानंतर वीसेक वर्षांत अमेरिकेतून वाफेचं इंजिन जवळपास संपलं. एफटीचा वंशज एफ-७ हा १९४९ ते १९५३ या काळात बनला. फुगीर नाकाचं, रंगीत पट्ट्यांचं ते इंजिन. जुन्या अमेरिकन सिनेमात गाडी दिसली तर बऱ्याचदा हेच असतं.

मॉडेलवाल्यांना डिझेल फार सोयीचं होतं, जरी वाफेच्या भक्तांनी नाकं मुरडली तरी. वाफेच्या इंजिनात दांडे, सिलिंडर, बाहेर दिसणारी शंभर हालचाल. डिझेल म्हणजे एक पेटी आणि खाली दोन बोगी. मोटर मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना शाफ्ट काढा, सगळी चाकं फिरवा. वीजही सगळ्या चाकांनी घ्या. कॅलिफोर्नियाच्या अर्व्हिन अथर्न यांनी हे ओळखलं आणि १९५०च्या दशकात प्लॅस्टिकच्या साच्यातली स्वस्त डिझेल इंजिनं काढली.

सुरुवातीच्या त्या इंजिनांत गिअर नव्हते. रबर बँड होते! मोटरच्या बारीक शाफ्टवरून रबर बँड थेट आसावर. 'हाय-एफ' असं त्याचं भारदस्त नाव. वेग कमी करायचा मार्ग एकच, बारीक शाफ्ट आणि जाड आस यांच्या व्यासातला फरक. तो किती असणार? त्यामुळे ही इंजिनं दोनच गोष्टी करायची. थांबायची किंवा उधळायची. शिवाय रबर वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तुटायचं. तरीही हजारो पोरांनी ती घेतली, कारण परवडत होती. माझ्या मते हीच खरी क्रांती. चांगलं यंत्र मूठभरांकडे असण्यापेक्षा बरं-वाईट यंत्र सगळ्यांकडे आलं, आणि मग सगळ्यांनी मिळून ते सुधारायला घेतलं.

लवकरच रबराची जागा वर्म गिअरनं घेतली आणि निळ्या खोक्यातले ते प्रसिद्ध किट आले. पुढची चार-पाच दशकं 'ब्लू बॉक्स' म्हणजे अमेरिकन एचओचं जणू लाल डबा एसटी. दिसायला साधं, आवाज मोठा, पण कुठेही पोचवणारं आणि कुणालाही दुरुस्त करता येणारं. यात एक गंमत होती. खऱ्या जीपी-९ जातीच्या इंजिनाचं हूड अरुंद असतं. अथर्नची मोटर त्यात मावेना. मग त्यांनी काय केलं? हूडच रुंद केलं. पुढची कित्येक वर्षं लोक हे जाड हूड बघत राहिले आणि मासिकांतून कुरकुरत राहिले. हार्डवेअरच्या मर्यादेपायी यूआय बिघडवण्याची परंपरा जुनीच आहे.

ही इंजिनं सुधारायची जी लोकविद्या तयार झाली, ती मला फार आवडते. ती कुणा एकाची नाही. क्लबात, मासिकाच्या वाचक-पत्रांत, दुकानाच्या काउंटरवर ती जमत गेली. आधी इंजिन खोला आणि मोटर एकटी चालवून बघा. मोटर शांत असेल तर दोष पुढे आहे. मग एकेक बोगी सुटी करून बोटानं चाक फिरवा. कुठे अडकतं? प्लॅस्टिकच्या गिअरवर साच्याची बारीक कड राहिलेली असते, ती धारदार पात्यानं काढा. गिअर गुळगुळीत करायला दात पांढरे करायची पेस्ट घालून इंजिन अर्धा तास फिरवा, मग सगळं धुऊन काढा आणि हलकंसं ग्रीस लावा. (धुवायला विसरलात तर गिअर इतके गुळगुळीत होतील की दातच राहणार नाहीत. गिअरचे.) वर्मला पुढेमागे किती खेळ आहे ते बघा, जास्त असेल तर बारीक वॉशर घाला. इंजिन एका दिशेनं नीट आणि दुसऱ्या दिशेनं खरखरत चालत असेल तर दोष नव्वद टक्के इथेच. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर खोडरबरानं पुसा.

विजेचा मार्ग हा वेगळाच अध्याय. जुन्या रचनेत एका रुळाची वीज धातूच्या सांगाड्यातून यायची आणि दुसऱ्याची वरून गेलेल्या एका पोलादी पट्टीतून, जी नुसती टेकलेली असे. जिथे टेकणं आलं तिथे गंज आला. लोकांनी पट्टी काढून मऊ वायर सोल्डर केली आणि निम्म्या तक्रारी मिटल्या. चाकं खरबरीत लोखंडी भुकटी दाबून केलेली असायची, त्यांच्यावर काळा मळ चटकन बसायचा. ती बदलून निकल-सिल्व्हरची घातली की उरलेल्या तक्रारी मिटल्या. गतीच्या प्रश्नावर उत्तर होतं फ्लायव्हील. मोटरच्या शाफ्टवर पितळेचं वजनदार चाक बसवलं की वीज क्षणभर गेली तरी ते फिरत राहतं आणि इंजिन त्या धुळीच्या कणावरून पुढे निघून जातं. निसर्गानं ६ लाख ६० हजार पटीनं हिरावून घेतलं, ते पितळेच्या दोन तुकड्यांनी थोडंसं परत मिळवलं.

मूल्यमापनाची भाषाही याच काळात घडली. मासिकातली परीक्षणं हळूहळू 'छान दिसतं, छान चालतं' इथून आकड्यांकडे गेली. सर्वांत कमी किती व्होल्टला आणि किती वेगानं सलग चालतं, बारा व्होल्टला किती, किती वजन ओढतं, चाक अडवून धरलं तर मोटर किती करंट खाते. ओढायची ताकद तर एक छोटा ताणकाटा लावून मोजायची आणि सपाट सरळ रुळावर इतक्या वाघिणी ओढेल असं सांगायचं. माप सोबत खऱ्या इंजिनाच्या नकाशाशी ताडलेलं. आपल्याकडे नव्या फोनची परीक्षणं अजूनही पुष्कळदा 'बॅटरी दिवसभर पुरते' या थाटाची असतात, ते वाचताना मला या मंडळींची आठवण येते. १९८०च्या दशकात जपानच्या कातो कंपनीनं बनवलेल्या यंत्रणेची इंजिनं अमेरिकेत आली, अगदी शांत आणि संथ, आणि परीक्षणांतले आकडे एकदम वरच्या पट्टीत गेले. बाकीच्यांना सुधारावंच लागलं.

पण तोवर सगळी मेहनत इंजिनावर. रुळात वीज सोडणारा कंट्रोलर म्हणजे बहुतेकांकडे नुसता रेझिस्टन्सचा नॉब. 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टरचे थ्रॉटल घरी कसे बनवायचे ते छापलं. त्यात गाडी हळूहळू वेग घ्यायची आणि ब्रेक दाबल्यावर हळूहळू थांबायची. सुरुवातीला सलग विजेऐवजी झटके द्यायचे, म्हणजे मोटर चिकटून न बसता सुटते, ही युक्तीही तेव्हाचीच. आपण आज पीडब्ल्यूएम म्हणतो त्याची ही धाकटी बहीण.

आणि एमआयटी? १९४६ पासून तिथे टेक मॉडेल रेलरोड क्लब आहे. त्यातल्या काहींना गाड्या रंगवण्यात रस होता, आणि काहींना टेबलाखालच्या वायरिंगमध्ये. टेबलाखालच्यांनी टेलिफोन कंपनीच्या रिलेंचं असं जंजाळ उभं केलं की फोनची डायल फिरवून गाडी निवडता यायची. पीटर सॅम्सन यांनी १९५९ मध्ये क्लबच्या बोलीचा शब्दकोश लिहिला, त्यात 'हॅक' हा शब्द आहे. हीच पोरं रात्री कॉम्प्युटरवर जाऊन बसायला लागली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आपला धंदा एका अर्थानं या टेबलाखालून निघालाय.

साध्या विजेची खरी अडचण ही की रूळ एक, वीज एक, त्यामुळे रुळावरची सगळी इंजिनं एकच हुकूम ऐकणार. एकाच रुळावरची दोन इंजिनं वेगळी चालवायची तर त्यांना पत्ता हवा. १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं 'ॲस्ट्रॅक' काढलं, पाच वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी. ब्रिटनच्या हॉर्नबीनं १९७९ मध्ये 'झीरो वन' आणलं, सोळा इंजिनं, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० ही चिप. प्रत्येकाचं आपलं घराणं, एकमेकांशी पाणी नाही. शेवटी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात एनएमआरएनं जर्मनीच्या लेन्झ कंपनीचं काम पायाशी घेऊन खुलं मानक केलं. डीसीसी.

डीसीसीचं पॅकेट मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कॉलेजातलं नेटवर्किंगचं पुस्तक आठवलं. रुळात आता कायम पूर्ण व्होल्टेज, पण ते उलटसुलट होत राहतं. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असला की तो 'एक', शंभर किंवा जास्त असला की 'शून्य'. आधी किमान चौदा 'एक', मग पत्त्याचा बाइट, मग हुकमाचा, मग दोघांचा एक्सऑर. संपलं पॅकेट. आणि शून्याला ताणायची मुभा का, तर ताणलेल्या शून्यांमुळे सरासरी वीज एका बाजूला झुकते, आणि डिकोडर नसलेलं एखादं जुनं इंजिनही त्याच रुळावर चालवता येतं! बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी इतक्या देखणेपणानं फार कमी ठिकाणी बघितली मी. (त्या इंजिनाची मोटर गुणगुणते आणि तापते, पण चालते.)

इथून इंजिन सुधारणं म्हणजे कानशीबरोबर कॉन्फिगरेशनही झालं. डिकोडरमध्ये सीव्ही नावाच्या जागा असतात, प्रत्येकीत एक बाइट. सीव्ही १ म्हणजे पत्ता. सीव्ही २ म्हणजे पहिल्या पायरीला किती व्होल्टेज. ३ आणि ४ म्हणजे वेग किती सावकाश घ्यायचा आणि सोडायचा. ६७ ते ९४ म्हणजे अठ्ठावीस पायऱ्यांचा तक्ता, दोन वेगवेगळ्या इंजिनांना जोडीनं चालवायचं तर तो जुळवत बसायचा. २९ मध्ये एकेका बिटाला वेगळा अर्थ. शिवाय चांगला डिकोडर दोन झटक्यांच्या मध्ये क्षणभर वीज थांबवतो. फिरती मोटर तेवढ्यात जनित्रासारखी उलटी वीज देते, ती मोजून खरा वेग ओळखतो आणि दुरुस्त करतो. प्रश्न एवढाच की मानकातल्या जागा थोड्या आणि प्रत्येक कंपनीनं आपापल्या शंभरेक वाढवलेल्या. कुठल्या डिकोडरचा कुठला आकडा काय करतो, हे पुस्तिकेत शोधता शोधता रविवार संपायचा.

बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन हे इथे येतात. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि इतर स्वयंसेवकांनी जावामध्ये जेएमआरआय नावाचा खुला प्रकल्प सोर्सफोर्जवर उभा केला. त्यातल्या डिकोडरप्रोचं काम साधं. स्क्रीनवर सीव्हीचे नंबर नकोत, 'सुरुवातीचं व्होल्टेज', 'वेग घेण्याचा दर' असं माणसाच्या भाषेत दिसू दे. त्यासाठी प्रत्येक डिकोडरची एक व्याख्या-फाइल. ज्याच्याकडे जो डिकोडर, त्यानं बसून त्याची फाइल लिहायची. म्हणजे ती दुकानाच्या काउंटरवरची लोकविद्याच, आता एक्सएमएलमध्ये.

ऑरेगनमधले मॅथ्यू कॅट्झर यांची एक कंपनी मॉडेल रेल्वेचं सॉफ्टवेअर विकत असे आणि त्यांच्या नावावर पेटंटं होती. २००५ मध्ये त्यांच्याकडून जेकबसनना पत्रं येऊ लागली. तुमचं सॉफ्टवेअर आमच्या पेटंटमध्ये येतं, रॉयल्टी भरा. पुढे बिल आलं २ लाख ३ हजार डॉलर्सचं. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबद्दल! जेकबसन ज्या प्रयोगशाळेत काम करायचे तिला पैसा देणाऱ्या सरकारी ऊर्जा खात्याकडे माहिती-अधिकाराचा अर्जही गेला. छंदापायी नोकरीच्या ठिकाणी आपल्या नावानं कागद फिरू लागले तर आपल्यापैकी किती जण टिकतील? मी तर दुसऱ्या दिवशी रिपॉझिटरी डिलीट केली असती, खोटं कशाला बोलू.

जेकबसननी मार्च २००६ मध्ये स्वतःच कोर्टात दावा लावला. मग असं दिसून आलं की कॅट्झर यांच्या विकाऊ उत्पादनात जेएमआरआयच्याच व्याख्या-फाइल्समधला मजकूर घेतलाय, आणि मूळ लेखकांची नावं, कॉपीराइटची ओळ, कुठून घेतलं, काय बदललं, यातलं काहीच ठेवलेलं नाही. जेएमआरआयचा परवाना तेव्हा 'आर्टिस्टिक लायसन्स' होता. वापरा, बदला, विका, फक्त या गोष्टी पाळा.

आता कायद्याचा पेच असा. ऑगस्ट २००७ मध्ये खालच्या कोर्टानं म्हटलं, परवाना एवढा मोकळा आहे की त्यातल्या अटी मोडणं हा फार तर कराराचा भंग, कॉपीराइटचा नव्हे. ऐकायला बारीक फरक, पण परिणाम भयंकर. कराराचा भंग म्हणजे नुकसान किती ते पैशात दाखवा. फुकट दिलेल्या वस्तूचं नुकसान किती? शून्य. मग खुल्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक परवाना म्हणजे नुसती विनंतीवजा पाटी. 'कृपया फुले तोडू नयेत.'

प्रकरण फेडरल सर्किटच्या अपील कोर्टात गेलं तेव्हा क्रिएटिव्ह कॉमन्स, लिनक्स फाउंडेशन, विकिमीडिया, पर्ल फाउंडेशन अशा संस्थांनी मिळून कोर्टाला आपलं म्हणणं लिहून दिलं. एचओच्या डिकोडरसाठी! १३ ऑगस्ट २००८ ला निकाल लागला. परवान्यात 'अमुक केलंत तरच' असे शब्द आहेत, त्यामुळे या नुसत्या कबुल्या नाहीत, या अटी आहेत, आणि त्या मोडून केलेली नक्कल हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. शिवाय पैसे घेतले नाहीत म्हणून हक्काला किंमत नाही असं होत नाही. नाव, श्रेय, बदलांचा माग, हेही मोलाचं आहे. वादातलं एक पेटंट कॅट्झर यांनी त्याच वर्षी सोडून दिलं होतं. तरी पुढे दोन वर्षं घासाघीस चालली. फेब्रुवारी २०१० मध्ये तडजोड झाली, कॅट्झर यांनी एक लाख डॉलर्स द्यायचे आणि जेएमआरआयचा मजकूर वापरायचा नाही.

खुल्या परवान्यांवरच्या व्याख्यानांत हा खटला हमखास येतो. वक्ते 'मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरबद्दलचा' एवढं म्हणून पुढे सरकतात आणि श्रोते गालातल्या गालात हसतात. मला तेव्हा हात वर करून सांगावंसं वाटतं की अहो, ते इंजिन सावकाश चालावं म्हणून लिहिलेले आकडे होते.

माझ्या इंजिनाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुण्यात आल्यावर त्यात डिकोडर बसवला आणि पहिल्याच दिवशी जाळला. जुन्या सांगाड्यात मोटरचा खालचा ब्रश थेट धातूला टेकलेला असतो, तो आधी वेगळा करायचा असतो. हे ढीगभर लोकांनी लिहून ठेवलंय. मी वाचलंही होतं. दुसरा डिकोडर बसवताना खाली चिकटपट्टीचे दोन थर दिले, मल्टिमीटर लावून तीनदा तपासलं. गिअर धुतले, वॉशर घातला, पट्टीच्या जागी वायर सोल्डर केली. पहिल्या दिवशी मीटरला चौदा सेकंद लागायचे. मग एकवीस, आणि तिथे बरेच महिने अडकलो.

गेल्या रविवारी डिकोडरप्रोमध्ये डिकोडर निवडल्यावर सहज त्याची मूळ फाइल उघडून बघितली. वर कॉपीराइट, खाली एकाखाली एक नावं आणि तारखा. एकानं पहिली आवृत्ती लिहिली. दुसऱ्यानं एका सीव्हीची कमाल किंमत दुरुस्त केली. तिसऱ्यानं आणखी काही. मग फाइल बंद केली, सुरुवातीचं व्होल्टेज एकानं कमी केलं आणि स्टॉपवॉच चालू केलं. इंजिन एकेक स्लीपर मोजत निघालं. चाळीस सेकंदांच्या पुढे गेलं तशी आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन उभी राहिली. छपन्न सेकंद.

"अजून चार राहिलेत ना?" ती म्हणाली.